झिजलेल्या नाण्यावरचं साल कसं वाचायचं?

करमाळा तालुक्यातलं केम हळदी-कुंकवासाठी ओळखलं जातं. केम असो की दुसरं गाव, लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपये डब्यातून बाहेर निघतात, चिंच-राखेनं घासले जातात, त्यांना हळदकुंकू लागतं आणि ते परत डब्यात जातात. अशा घासण्यानं साल पुसट होत जातं. मग घरात प्रश्न येतो, "हा रुपया नेमका कधीचा?" तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रश्न जरूर हातात घ्या. अपुऱ्या पुराव्यावरून किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, याचा तो चांगला सराव आहे.

सुरुवात सालापासून करू नका. जे वाचता येतंय ते आधी वाचा. मुकुट घातलेल्या व्हिक्टोरियाच्या नावापुढे 'क्वीन' असेल, तर नाण्यावरचं साल १८६२ ते १८७६ मधलं. 'एम्प्रेस' असेल तर १८७७ ते १९०१, कारण १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात तिची सम्राज्ञी म्हणून घोषणा झाली. बिनमुकुटाचा, उजवीकडे बघणारा एडवर्ड असेल तर १९०३ ते १९१०. बघा, एकही अंक न वाचता शक्यता किती कमी झाल्या!

वजनही करा. या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. वजन कमी भरलं तर झीज किती झाली ते कळतं, वय कळत नाही. जास्त हाताळलेलं नाणं जास्त झिजतं. ते जास्त जुनं असेलच असं नाही.

आता साल. खोलीत अंधार करा, नाणं सपाट ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी कडेनं, तिरका धरा. कॅमेरा आणि नाणं न हलवता टॉर्च गोल फिरवत आठ-दहा फोटो काढा. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारा उंचवटा इथे सावलीतून दिसतो. हे फोटो साल स्पष्ट असलेल्या, त्याच प्रकारच्या नाण्यांशी ताडून बघा. आणि दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, पण तुमचा अंदाज त्यांना आधी सांगू नका. एकदा '१८९१' ऐकलं की डोळ्यांना १८९१ च दिसायला लागतं.

अॅसिड लावून अंक वर आणता येतो, हेही तुमच्या कानावर येईल. ते खरं आहे. ठसा मारताना अंकाखालचा आणि आजूबाजूचा धातू सारखा दबत नाही. वरचा अंक झिजला तरी हा फरक आत उरतो आणि रसायनात दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगानं विरघळतात. घासून काढलेले चासी नंबर पोलिसांच्या प्रयोगशाळेत याच तत्त्वावर वाचतात. पण यात नाण्याचा पृष्ठभाग कायमचा जातो. उद्या कुणाला तुमचं वाचन तपासायचं असेल, तर तपासायला काही उरत नाही. म्हणून हा मार्ग नको.

एक सापळाही लक्षात ठेवा. १८६२ साल असलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते, साल मात्र तेच राहिलं. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर सालाखाली ठिपके असतात आणि अभ्यासक त्यांच्यावरून पाडल्याचं वर्ष ठरवतात. झिजलेल्या नाण्यावर तीन ठिपके दिसले तर नोंद 'किमान तीन' अशीच करा. चौथा घासला गेला असू शकतो.

शेवटी वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: काय दिसलं, त्यावरून काय ठरलं, आणि काय ठरलं नाही. "एम्प्रेस, १८७७–१९०१, तिसरा अंक बहुधा ९, शेवटचा वाचता येत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. शेवटची जागा रिकामी दिसते म्हणून तिथे अंक भरू नका. तुमच्या नोंदीवर विसंबून पुढचा माणूस काम करणार आहे.

या दिवाळीत घरचे रुपये घासायच्या आधी फोटो काढून ठेवा. आईला सांगा, हळदकुंकू चालेल, चिंच-राख नको.