विश्लेषण : जुन्या अद्भुतकथांतल्या बलाढ्य राणीला शेवटी मरावेच का लागे?

दोन हजार वर्षे तारुण्य टिकवणारी, नुसत्या नजरेने जीव घेणारी, एका अख्ख्या जमातीवर एकहाती राज्य करणारी स्त्री. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांनी अशी खलनायिका रंगवली आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. पण कथेच्या शेवटी तिचा पराभव ठरलेला असे. असे का?

ही आयेशा कोण?

हेन्री रायडर हॅगर्ड यांची ‘शी’ ही कादंबरी लंडनच्या ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात १८८६-८७मध्ये क्रमशः आली. केंब्रिजचे प्राध्यापक हॉली आणि त्यांनी वाढवलेला तरुण लिओ आफ्रिकेतल्या ‘कोर’ या उद्ध्वस्त नगरीत पोहोचतात. तिथे आयेशाची सत्ता आहे. लिओ हा आपलाच जुना प्रियकर पुन्हा जन्माला आलाय, असे ती मानते. त्याच्यावर जीव लावणाऱ्या उस्तेन या तरुणीला ती मारून टाकते.

म्हणजे आयेशा क्रूर आहेच. पण हॉलींना सर्वात मोठी धास्ती वेगळीच वाटते : ही बाई लिओबरोबर इंग्लंडला आली तर? तिथली सत्ताही तिच्याच हातात जाईल! तसे घडत नाही. जीवनाच्या ज्या ज्वाळेने तिला दीर्घायुष्य दिले, तिच्यात ती दुसऱ्यांदा शिरते आणि क्षणात जख्ख म्हातारी होऊन मरते.

भीती नेमकी कशाची होती?

तेव्हाच्या इंग्लंडकडे पाहिले की उत्तर मिळते. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क देणारा कायदा १८८२चा. केंब्रिजमध्ये मुलींसाठी गर्टन व न्यूनहॅम ही महाविद्यालये सुरू झाली होती, पण विद्यापीठाची पूर्ण पदवी त्यांना मिळाली ती थेट १९४८मध्ये. कादंबरीतले हॉली याच विद्यापीठातले. लहानग्या लिओवर कुणा बाईची हुकमत चालू नये म्हणून ते त्याला सांभाळायला पुरुष नोकर ठेवतात!

१८८२मध्येच वॉल्टर बेझंट यांची ‘द रिव्होल्ट ऑफ मॅन’ आली. तिच्यातल्या भविष्यकाळात इंग्लंडवर बायकांचे राज्य आहे. तरुण मुलांची लग्ने पैसेवाल्या, वयस्क बायकांशी लागतात. अशीच एक वृद्ध डचेस तरुण नायकाशी लग्न करायला निघते, पुरुष बंड करतात आणि सत्ता परत मिळवतात. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) आठवा. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात कोवळी मुलगी बांधणे हा तेव्हाचा रिवाज होता. बेझंटनी फक्त जागा बदलल्या, आणि लगेच तो जुलूम ठरला. मात्र हे त्यांनी स्त्रियांची बाजू मांडण्यासाठी केले नव्हते. पुरुषांची सत्ता परत येणे हाच त्यांच्या लेखी सुखान्त.

हीच कल्पना बाईने लिहिली तर?

१९०५मध्ये मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा छापून आली. लेखिका बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन. त्यांच्या ‘लेडीलँड’मध्येही राणीचे राज्य आहे आणि पुरुष पडद्यात आहेत. पण ही राणी खलनायिका नाही. तिथल्या विद्यापीठांतल्या स्त्रिया ढगांतून पाणी मिळवतात, सूर्याची उष्णता साठवतात आणि तिच्याच जोरावर शत्रूचे सैन्य पळवून लावतात. शेवटी राणी मरत नाही. सुलताना फक्त स्वप्नातून जागी होते. पुढे रुकय्यांनी मुलींची शाळा काढली, १९११पासून ती कोलकात्यात चालली.

योगायोग असा, की हॅगर्ड यांनी आयेशाला पुन्हा जिवंत करणारी दुसरी कादंबरी पुस्तकरूपात आली तीही १९०५मध्येच. जिला मारले, तिच्यावाचून त्यांचेही भागले नाही.

आज हे का वाचायचे?

या कथा टाकाऊ नाहीत. ‘शी’ आजही खिळवून ठेवते, आणि ते आयेशामुळेच. पण दुष्ट राणी अजूनही मालिका, वेब सीरिज आणि गेममध्ये भेटते. तेव्हा एक गोष्ट तपासावी : तिला शिक्षा झाली ती तिने केलेल्या अन्यायाची, की सत्ता हातात घेतल्याची? तेच एखाद्या राजाने केले असते, तर कथेने त्याला खलनायक म्हटले असते, की पराक्रमी?