नोकरी लागली, पण टिकणार कशी?

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या खासगी कारखान्यांवर दिव्यांग आरक्षणाची सक्ती नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव ठेवल्या. खासगी कंपन्यांत हे प्रमाण ५ टक्के व्हावे म्हणून सरकारने सवलती द्यायच्या, एवढेच.

खरी अडचण मात्र रुजू झाल्यावर येते. बौद्धिक दिव्यांग तरुण पॅकिंगला लागला, तर सुरुवातीला सोबत प्रशिक्षक लागतो. तो कामाचे छोटे टप्पे पाडून शिकवतो, शिफ्टची बस दाखवतो, सुपरवायझरशी बोलतो आणि हळूहळू बाजूला होतो. कर्णबधिर कामगाराला भोंग्याऐवजी दिवा लागतो. यात फार खर्च नाही.

२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीच्या समान संधी धोरणात अशा सुविधांचा तपशील आणि त्यासाठी संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असायला हवी. हे धोरण संकेतस्थळावर नसेल, तर कंपनीत दर्शनी जागी लावायचे असते. मुलाखतीला जाण्याआधी ते जरूर वाचा.