सातपुड्यांतील शिकारीचे वांटेकरी

अक्कलकुव्याहून मोलगीच्या वाटेनें देवगोईचा घाट चढूं लागलें म्हणजे सपाटीवरील उंसाचे मळे हळूहळू मागें पडतात आणि सातपुड्याच्या एकामागून एक रांगा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. उत्तरेस नर्मदेचें खोरें, पश्चिमेस गुजरातची हद्द आणि मध्यें भिल्ल, तडवी, पावरा इत्यादि लोकांचे विरळ पाडे, असा हा मुलूख आहे. पूर्वीं पश्चिम खानदेशांत आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडणाऱ्या या डोंगरांत एके काळीं वाघाचें राज्य होतें. आतां तेथें वाघाची वस्ती उरली नाहीं. बिबळ्या व अस्वल मात्र आहेत. शिकारीचे परवाने बंद होऊन तर एक पिढी लोटली. तरीहि रानांतील जनावर मारण्याचा हक्क कोणाचा, आणि तो अनेकांचा असेल तर कोणाचा वांटा किती, हा प्रश्न येथें दीर्घकाळ निरनिराळ्या रूपांनीं उभा राहिला, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

इंग्रजी अंमलाच्या आरंभीं वांटणीचा प्रश्नच नव्हता. कारण वाघ हा शत्रु मानला जाई. १८२२ सालच्या मे, जून व जुलै या तीन महिन्यांत खानदेशांत हिंस्र पशूंनीं पांचशें माणसें आणि वीस हजार गुरें मारल्याची नोंद गॅझेटियरांत आहे. लढाया व लुटालूट यांमुळें खेडीं ओस पडलीं होतीं आणि रान गांवठाणापर्यंत येऊन ठेपलें होतें. अशा स्थितींत जो वाघ मारील तो उपकारकर्ता. १८२५ सालीं भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्राम हा साहेब सुमारें दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारींत जातीनें हजर होता. त्या १९१ वाघांचा माग कोणीं काढला, आणि हांक्याच्या वेळीं चवताळलेल्या जनावरासमोर नुसती काठी घेऊन कोण उभे राहिले, हें सांगावयास नको. पण मोजणी झाली ती बंदुकीची.

पुढें रान कमी झालें, लागवड वाढली आणि सरकारची दृष्टि पालटली. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगलें निर्माण झालीं व तेथें नियमाबाहेर शिकार करणें, फांसे लावणें, पाण्यांत विष कालवून मासे मारणें हे अपराध ठरले. १९२७ च्या कायद्यानेंहि तेंच कलम कायम ठेवलें. शहरांतील वाचकास यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं. परंतु डोंगरांतील माणसाच्या लेखीं त्याचा अर्थ असा झाला कीं, ज्या रानांत त्याचे वाडवडील तीरकामठा घेऊन हिंडले त्याच रानांत ससा मारला तरी तो चोर, आणि फी भरून परवाना आणणारा पाहुणा मात्र शिकारी. अक्कलकुव्याच्या बाजूस काठी, सिंगपूर, नाला अशा मेहवासी जहागिरी होत्या खऱ्या. पण खानदेशचा कलेक्टर हाच त्यांचा पोलिटिकल एजंट असल्यामुळें साहेबाच्या मर्जीची सावली तेथवरहि पोंचत असे. भिल्लाच्या वांट्यास आली ती हांकाऱ्याची मजुरी.

परवान्याची पद्धत थोडक्यांत अशी होती. शिकारीसाठीं जंगलाचे विभाग पाडीत. त्यांस सरकारी कागदांत ‘शूटिंग ब्लॉक’ म्हणत. एक ब्लॉक एका वेळीं एकाच परवानेदारास, बहुधा पंधरा दिवसांसाठीं, मिळे. आणि कोणतें जनावर किती मारावें याची मर्यादा त्यास घालून दिलेली असे. वाघ असला तर बहुधा एकच. हाच शिकारीचा कोटा. स्वातंत्र्यापूर्वीं हे ब्लॉक मुख्यतः लष्करी व मुलकी अधिकारी, त्यांचे पाहुणे आणि जिल्ह्यांतील हौशी बंदूकवाले यांच्यांत फिरत. १९४७ नंतर मात्र एक नवें गिऱ्हाईक आलें. परदेशी, विशेषतः अमेरिकन, शिकाऱ्यांची सर्व व्यवस्था करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. नागपुरास विद्याचरण शुक्ल यांनीं काढलेली ‘ॲलविन कूपर’ ही त्यांतलीच. हे गृहस्थ पुढें केंद्रीय मंत्री झाले.

अशा कंपनीचें काम पाहुण्यास रानांत नेऊन सोडण्यापुरतें नसे. ब्लॉक आगाऊ राखून ठेवणें, मोटारी, तंबू व आचारी यांची तरतूद करणें, आमिषासाठीं ठिकठिकाणीं रेडे बांधणें, रात्रीं त्यांतला कोणता मारला गेला याची पहांटे खबर आणविणें, मचाण बांधणें, हांक्याची माणसें जमविणें, आणि शेवटीं कातडें सोलून, मीठ लावून पेटींतून परदेशीं रवाना करणें, हें सारें तिच्याकडे. पाहुणा थोडक्या दिवसांसाठीं येई आणि हजारों डॉलर मोजी. वाघावांचून परत जाणें त्यास परवडण्यासारखें नसे.

येथें वांटणीचा तंटा ओघानेंच आला. ब्लॉक मोजके, हंगाम थोडा. कंपनीनें चांगला ब्लॉक आधींच राखून ठेवला, तर ज्या रानांतील पाणवठे तोंडपाठ आहेत त्याच रानांत जिल्ह्यांतील वकिलानें किंवा मालगुजारानें शिरावें कसें? रहिवाशाचें म्हणणें असें कीं, तो तेथेंच राहतो, कर भरतो, रानडुकरांपासून पीक राखतो. तेव्हां पहिला मान त्याचा. कंपनीचें म्हणणें असें कीं, रहिवाशाच्या परवान्यापासून सरकारास चार पैसे मिळतात, पाहुण्यापासून परकीय चलन मिळतें आणि आसपासच्या गांवांत मजुरीहि वांटली जाते. दोहोंतहि तथ्य होतें, हें नाकारतां येणार नाहीं. गंमत एवढीच कीं, या दोघांच्या भांडणांत हांकारा हा तिसरा वांटेकरी आहे असें कोणाच्याच मनांत आलें नाहीं.

भागाकार मांडतांना भाज्य आधीं ठाऊक असावा लागतो. तो ठाऊक नसेल तर भाजकावर कितीहि काथ्याकूट केला तरी उत्तर निघत नाहीं. शिकारीच्या वांटणींत भाज्य म्हणजे रानांतील जनावरें, आणि तींच कोणीं नीट मोजलेलीं नव्हतीं. ब्लॉक किती व परवाने किती यावरून वाघ किती मरणार तें ठरे. वाघ किती आहेत यावरून परवाने ठरत नसत. प्रत्येक परवानेदार मर्यादेंत राहिला तरी एक पंधरवडा संपतांच दुसऱ्याचा सुरू होई. १९६९ च्या नोव्हेंबरांत आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाची परिषद दिल्लीस भरली, आणि वाघ नाहींसा होण्याच्या मार्गावर आहे ही गोष्ट जगापुढें आली. १९७० सालीं वाघाच्या शिकारीस बंदी झाली. शिकार कंपन्यांनीं जोराचा विरोध केला; पण दिल्लीच्या उच्च न्यायालयांत बंदी टिकली. १९७२ सालीं देशभर मोजणी केली तेव्हां वाघ भरले १८२७. म्हणजे भाज्य हातीं आला तो भागाकार थांबल्यावर!

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें सर्वच शिकार बंद केली असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. मोठ्या व लहान शिकारीचे परवाने त्या कायद्यांत होतेच. ते १९९१ च्या दुरुस्तीनें गेले.

जेथें मोठी शिकार अद्याप चालते तेथें ही वांटणी कशी करतात, हें कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताकडे पाहिल्यास कळतें. परदेशी शिकाऱ्यास तेथें सामान्यतः परवानाधारक वाटाड्यावांचून मोठें जनावर मारतां येत नाहीं, आणि प्रत्येक वाटाड्यास स्वतःचा टापू नेमून दिलेला असतो. दुर्मिळ जनावरांसाठीं रहिवाशांची सोडत निघते. पण महत्त्वाचा आहे तो वांटणीचा क्रम. वर्षांत किती जनावरें मारलीं असतां कळपास धोका नाहीं, तें प्रथम ठरवितात. त्यांतून तेथील मूळ जमातींच्या अन्नाची व विधींची गरज वजा करतात. आणि उरेल तें रहिवासी व वाटाडे यांच्यांत वांटतात. समजा, एका खोऱ्यांत साठ जनावरें मारतां येतात आणि जमातींस वीस लागतात, तर तंटा काय तो चाळिसांचा. तोहि कांहीं लहान नसतो. २०१४ च्या डिसेंबरांत तेथील सरकारनें वाटाड्यांचे हिस्से नव्यानें ठरवितांच रहिवासी शिकाऱ्यांनीं एवढा गदारोळ केला कीं, पुढील फेब्रुवारींत कांहीं हिस्से फिरवावे लागले. २०१७ सालीं ग्रिझली अस्वलाची शिकार तेथें बंद झाली तेव्हांहि जमातींचा हक्क तेवढा शाबूत राहिला.

आपल्या शेजारचेंच उदाहरण हवें असल्यास पाकिस्तानांतील चित्रळ-गिलगितच्या डोंगरांचें घ्यावें. मारखोर नांवाच्या पेंचदार शिंगांच्या रानबोकडाचे वर्षास बाराच परवाने ठरले, आणि एकेका परवान्यास परदेशी शिकारी लाखभर डॉलरहि मोजूं लागले. त्यांतले शेंकडा ८० त्या खोऱ्यांतील गांवकऱ्यांस मिळतात. परिणाम असा कीं, गांवकरीच चोरट्या शिकाऱ्यावर नजर ठेवतात. मारखोर तेथें वाढले आहेत.

सातपुड्यांत क्रम उलटा लागला. सरकार आधीं, पाहुणा मग, जिल्ह्यांतला हौशी त्यानंतर, आणि पाड्यावरचा माणूस हिशेबांतच नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें त्याचे कसलेली जमीन, मोहफुलें, तेंदूपानें, चराई इत्यादि हक्क कबूल केले. परंतु परंपरागत हक्कांचें कलम लिहितांना शिकार स्पष्ट शब्दांत वगळली. देशांत अपवाद निकोबार बेटांचा. तेथील जमातींचा शिकारीचा हक्क १९७२ च्या कायद्यानेंच अबाधित ठेवला. सातपुड्यांत आज कोणास वाघ-बिबळ्या मारण्याचा हक्क द्यावा असें म्हणणें शहाणपणाचें होणार नाहीं, कारण वांटण्यासारखें तेथें उरलेंच नाहीं. पण जनावर राखण्याचा खर्च जर पाड्यावरच पडतो, तर त्याच्या उत्पन्नाचा वांटा तेथें कां पोंचूं नये, हें विचारण्यास हरकत नसावी.

खर्च पडतो तो असा. बिबळ्या उंसांत वस्तीस येतो, शेळी किंवा वासरूं नेतो आणि प्रसंगीं माणसावरहि झडप घालतो. वनखात्याचा माणूस येऊन पंचनामा करतो, आणि भरपाईचा अर्ज वर जातो. बिबळ्या माणसांस धोकादायक ठरला तरी आधीं त्यास पकडण्याची वा बेशुद्ध करण्याची खटपट करावी लागते. तें न साधल्यास ठार मारण्याचा हुकूम राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकानें द्यावयाचा असतो, आणि त्यांची कचेरी आहे नागपुरास. बंदूकहि बाहेरून येऊं शकते. २०१८ च्या नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस ‘अवनी’ वाघीण पडली ती हैदराबादेहून आलेल्या शिकाऱ्याच्या गोळीनें. पंचनाम्याखालीं पंच म्हणून सही-अंगठा करण्यास मात्र माणसें पाड्यावरचींच लागतात.