दमा : धाप थांबली, तरी सूज राहते

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात ऑगस्टच्या मध्यापासून थंडी पडेपर्यंत रॅगवीडचे पराग हवेत असतात. नेमके आपले गणपतीचे दिवस! शिंका आणि डोळे चुरचुरणे इथवर ठीक. पण छातीत सूं सूं आवाज येऊ लागला, रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, तर दम्याची तपासणी करून घ्यावी. आपल्यात हा शब्द उच्चारायलाही लोक कचरतात. ‘थोडी अ‍ॅलर्जी आहे’ म्हणून वेळ निभावतात, आणि ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने बरे वाटताच पंप बंद करतात. आत काय घडते ते कळले, तर ही भीती जाईल.

अ‍ॅलर्जीने श्वासनलिकांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो. हे वर्षानुवर्षे चालले तर नलिकांची रचनाच बदलते. अस्तराखालचा थर जाड होतो, स्नायू वाढतात, कफ तयार करणाऱ्या पेशीही वाढतात. दम्याने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत नलिकांच्या भिंती जाड झालेल्या असतात, हे ह्युबर आणि कोस्लर यांनी 1922 सालीच दाखवले होते. असा बदल औषधाने पूर्ण मागे फिरेलच असे नाही.

आता थोडे गणित. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, सोळापट होतो! त्यात श्वास सोडताना नलिका आणखी अरुंद होतात. म्हणून हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसे फुगलेलीच राहतात, घुमटासारखे श्वासपटल सपाट होते आणि त्याचा जोर कमी पडतो. दमा नसलेल्यांनी करून पाहावे : छातीभर श्वास घ्या, किंचितच सोडा, आणि लगेच पुढचा घ्या. दोन-तीन वेळातच रुग्णाचे कष्ट कळतील.

अल्ब्युटेरॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप. त्याचे व्यसन लागत नाही. घेतल्यावर चूळ मात्र भरावी. ‘जीना’ ही दम्यावरील जागतिक संस्था 2019 पासून सांगते, की मोठ्यांनी आणि 12 वर्षांवरील मुलांनी केवळ अल्ब्युटेरॉलवर विसंबू नये. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नका. स्पायरोमेट्री करून घ्या. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते त्यात मोजतात.

खर्चाचेही पाहू. 2024 मध्ये काही औषध कंपन्यांनी आपल्या पंपांसाठी रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेवर महिन्याला 35 डॉलरची मर्यादा जाहीर केली. मेडिकेअरसारखा सरकारी विमा असणाऱ्यांना ही सवलत नाही. तुम्हाला मिळेल का, ते फार्मसीत विचारा. भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात जुन्या आजाराचा खर्च बहुधा धरलेला नसतो. म्हणून त्यांना मुक्कामभर पुरतील एवढे पंप चिठ्ठीसह आणायला सांगा. तिकडचे साल्बुटामॉल म्हणजेच इकडचे अल्ब्युटेरॉल, हेही लक्षात असू द्या.

आणि बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंपाने उतार पडत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब 911 फिरवा.