शाळा सुटल्यावर मुलांनी कुठे जावं?

मुलांच्या शाळेबाहेरच्या उपक्रमांची चर्चा आपल्याकडे दोनच प्रश्नांभोवती फिरते: मूल काय शिकलं आणि बक्षीस मिळालं का. मार्च संपत आला की तालुक्याच्या गावीसुद्धा उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. दहा दिवसांत सुलेखन, वक्तृत्व, अभिनय आणि वैदिक गणितही. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, पालकांसमोर एक समूहनृत्य, आणि दुसऱ्या दिवशी ते सभागृह लग्नासाठी मोकळं. यातून मुलांचं नुकसान होतं असं नाही, पण त्यांची खरी गरज यानं भागत नाही. मोठी माणसं जिथे एखादं काम मन लावून, वर्षानुवर्षं करत आली आहेत, अशा जागेत मुलाला शिरकाव मिळायला हवा. मुलांसाठी वेगळं काही उभारण्याआधी गावात जे चालू आहे त्याचं दार उघडावं, असं माझं म्हणणं आहे. मैसूरुमध्ये त्याचा चांगला दाखला सापडतो.

मैसूरुच्या कलामंदिराच्या आवारात ‘रंगायण’ ही नाट्यसंस्था आहे. मुंबईतल्या विजया मेहतांच्या ‘रंगायन’शी तिचा संबंध नाही. कर्नाटक सरकारनं १९८९ मध्ये ती स्थापन केली आणि तिची धुरा नाट्यदिग्दर्शक ब. व. कारंत यांच्याकडे सोपवली. नटांना पगार, रोजची तालीम, स्वतःचे रंगमंच आणि वर्षभर प्रयोग असं तिचं स्वरूप. याच संस्थेत दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत ‘चिण्णर मेळ’ भरतो. काहीशे मुलं जवळपास महिनाभर रोज येतात, गटांत विभागली जातात, गाणी म्हणतात, मुखवटे करतात, मातीत हात घालतात आणि अखेरीस प्रत्येक गट आपलं नाटक सादर करतो. शिबिर म्हणून यात नवल वाटण्यासारखं थोडंच आहे. महत्त्वाची आहे ती जागा. ज्या रंगमंचावर एरवी मोठ्यांचे प्रयोग होतात त्यावरच मूल उभं राहतं, आणि त्याला शिकवणाऱ्यांचं नाटक हेच रोजचं काम असतं. प्रकाशयोजना आणि वेशभूषा म्हणजे काय, हे त्याला व्याख्येतून कळून घ्यावं लागत नाही. नाटकात मुख्य भूमिका एखाद्यालाच मिळते, पण पडदा ओढणारं मूलही प्रयोगासाठी तितकंच लागतं, हेही त्याला तिथेच उमगतं.

कारंतांच्या बाबतीत हा विचार आयुष्यातूनच आलेला दिसतो. लहानपणी घर सोडून ते गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत गेले. पुढे वीरण्णांनीच त्यांना शिक्षणासाठी बनारसला पाठवलं. कारंतांनी मुलांसाठी केलेलं ‘पंजर शाले’ हे नाटक रवींद्रनाथांच्या, शिक्षणाच्या नावाखाली पोथ्यांची पानं चारल्या जाणाऱ्या पोपटाच्या कथेवर आधारलेलं आहे. इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे: जुन्या कंपन्यांत मुलं शिकली खरी, पण त्यांची शाळा सुटली आणि बालपण राबण्यात गेलं. मराठी नाटक मंडळ्यांतल्या कितीतरी बालनटांचं असंच झालं. म्हणूनच चिण्णर मेळाची चौकट मला मोलाची वाटते. मूल सुट्टीत येतं, कमावत नाही, शाळा उघडली की परत जातं. कंपनीतलं शिकणं ठेवून तिथलं राबणं वगळता येतं.

नाटकापुरतीच ही गोष्ट नाही. मैसूरुचं प्राणिसंग्रहालय १८९२ पासूनचं. तिथे मुलांसाठी युवा मंडळ आणि उन्हाळी शिबिर चालतं, आणि मुलांना प्राण्यांची देखभाल करणारी माणसं भेटतात.

आपल्याकडे बालनाट्य कमी आहे असं नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि राज्य सरकारची बालनाट्य स्पर्धाही भरते. स्पर्धेमुळे लहान गावांतल्या शाळाही नाटक बसवतात, हे तिचं श्रेय. पण स्पर्धेसाठी निवडक मुलं लागतात. ज्याची जीभ अडखळते, जो घाबरतो, त्याला शिक्षक नाइलाजानं बाजूला ठेवतात. आणि नाटकाची गरज नेमकी त्यालाच जास्त असते. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून अनेक घरांत छंदाचाही हिशेब मांडला जातो. गुण मिळू नयेत असं मी म्हणणार नाही, पण गुणांसाठी धरलेला छंद निकालानंतर टिकेल याची खात्री नाही.

मैसूरु मोठं शहर, राजाश्रयाची परंपरा, वर सरकारी संस्था; आमच्या गावात हे कसं जमणार, असं विचारलं जाईल. पैशाचा मुद्दा खरा आहे, रंगायणसारखी संस्था प्रत्येक तालुक्यात उभी राहणार नाही. पण त्याच कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडु या खेड्यात ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था १९४९ पासून चालू आहे. १९८० मध्ये तिनं नाट्यशिक्षणाची शाळा काढली, आणि तिचे संस्थापक के. व्ही. सुब्बण्णा यांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थेला मोठं शहर लागतंच असं नाही. आणि नाटकच हवं असंही नाही. पेणमध्ये गणपतींचे कारखाने आहेत, सावंतवाडीत लाकडी खेळण्यांचे कारागीर, कोल्हापूर-सांगलीकडे तालमी, आणि अनेक लहान गावांत अनुदानित सार्वजनिक वाचनालय. त्यांतल्या कितींनी गावातल्या मुलांना महिनाभर आत बोलावलं आहे?

मोठ्यांच्या जागेत मुलं सुरक्षित राहतील का, ही पालकांची काळजी मात्र हलकी समजू नये. मूल एकट्या माणसाच्या हाती सोपवायचं नाही, गटात आणि उघड्या जागेत काम चालावं, दोन जबाबदार प्रौढ सतत हजर असावेत, पालकांना कधीही येऊन पाहता यावं, हे नियम पहिल्या दिवशीच ठरले पाहिजेत. दुसरी अडचण प्रवेशाची. जागा मोजक्या असल्या की ज्यांना बातमी आधी कळते आणि जे रांगेत उभे राहू शकतात त्यांचीच मुलं आत जातात; धुणीभांडी करणाऱ्या आईला मूल सकाळी सोडून संध्याकाळी न्यायला येणंही कठीण. त्यासाठी काही जागा नगरपालिकेच्या शाळांसाठी राखाव्यात, त्या मुलांचं शुल्क माफ असावं आणि दुपारचं जेवण तिथेच मिळावं. नगरपालिकेनं यासाठी पैसे बाजूला काढले तर मेळा सुरू करणं अवघड नाही.