हक्काच्या वाद्यवृंदावाचून बारा वर्षं

रे रोडला पियानो शोधायला कुणी जाणार नाही. एका अंगाला बंदराची जुनी गोदामं, दारूखान्याकडे मोडीत काढलेल्या जहाजांचं लोखंड, रस्त्यावर ट्रकांची रांग. १९१० च्या डिसेंबरात कुर्ल्याहून सुरू झालेली हार्बरची गाडी इथवरच यायची. व्हीटीपर्यंत ती पोचली १९२५ साली. तरीही मुंबईतल्या पाश्चात्त्य अभिजात संगीताचा इतिहास मलबार हिलच्या दिवाणखान्यांपुरता ठेवला तर तो अर्धाच राहील. रे रोडच्या शेजारीच माझगाव. तिथल्या सेंट मेरीज शाळेत झुबिन मेहता शिकले. माझगाव-धोबीतलाव पट्ट्यात गोवेकरांचे कूड होते. प्रत्येक कूड एकेका गावाच्या नावाचा, आणि त्यात खलाशी, आचारी, वाजवणारे सगळे ट्रंका टाकून राहायचे. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरवयातच सोल्फा आणि व्हायोलिन गिरवलेली ही माणसं समोर आलेलं नोटेशन पहिल्याच झटक्याला वाचून वाजवत. अशी माणसं जमली तर वाद्यवृंद उभा राहतो. कंडक्टरचा नंबर त्यानंतर.

वॉल्टर काउफमन फेब्रुवारी १९३४ मध्ये मुंबईत आले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. जन्म कार्ल्सबादचा, शिक्षण बर्लिनला. रचनेसाठी फ्रान्झ श्रेकर, संगीतशास्त्रासाठी कुर्ट झाक्स असे गुरू. शार्लोटेनबुर्गच्या ऑपेरात ब्रुनो वॉल्टर यांचे सहायक म्हणून त्यांनी उमेदवारी केलेली. प्रागमध्ये डॉक्टरेटसाठी प्रबंध झाला होता, पण मार्गदर्शक गुस्ताव बेकिंग नाझी संघटनेत आहेत हे कळल्यावर त्यांनी ती पदवीच नाकारली. पत्नी गेर्टी म्हणजे फ्रान्झ काफ्का यांची भाची. ज्यू घराण्यातल्या तरुण संगीतकाराला तेव्हा जर्मनीत भवितव्य नव्हतं आणि भारताचा व्हिसा मिळणं सोपं होतं. थोडे दिवस राहू, मग पाहू, असा हिशेब होता. मुक्काम बारा वर्षांचा झाला.

इथं आल्यावर त्यांनी भारतीय संगीताच्या रेकॉर्ड आणून ऐकल्या आणि त्यांना काही म्हणजे काही उमगलं नाही. यात विशेष काही नाही. युरोपातून आलेल्या बहुतेकांचं तसंच व्हायचं आणि ते क्लबात परतायचे. काउफमननी मात्र उलटा विचार केला. इतकी माणसं ज्यावर जीव टाकतात ते संगीत निरर्थक असणार नाही, उणीव आपल्या कानात असेल. मग ते शिकायला बसले.

पोटापाण्यासाठी आणि हात चालता राहावा म्हणून त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात बैठक. पियानोवर स्वतः काउफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एजिदिओ व्हेर्गा. मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. एकशे छत्तीस! आजही मुंबईत एखाद्या मंडळाला तीन वर्षांत एवढे कार्यक्रम झेपतील असं वाटत नाही. सात वादकांसाठीच्या त्यांच्या एका रचनेत तीन व्हायोलिनं, एक व्हियोला, दोन चेलो आणि पियानो अशी जुळणी आहे. ही काही ठरीव जुळणी नव्हे. माझा तर्क असा की हाताशी जे वादक होते त्यांना धरूनच ती लिहिली गेली. मुंबईत ओबो आणि हॉर्न वाजवणारे हुडकत बसण्यापेक्षा ते शहाणपणाचं होतं.

पुढे ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. जर्मनीत चित्रतंत्र शिकून आलेल्या मोहन भवनानींच्या चित्रपटांना संगीत दिलं, 'अनसूया' हा रेडिओ-ऑपेरा १९३९ मध्ये केला. आणि रेडिओची तीच ती ओळखधून. तंबोऱ्यावर व्हायोलिन, शिवरंजनीची आठवण करून देणारी. लालबाग-परळच्या चाळींत पहाटे रेडिओ लावला की आधी ती यायची आणि मग दिवस सुरू व्हायचा. तिच्या श्रेयासाठी इतरही नावं घेतली जातात, पण सर्वांत पक्कं नाव काउफमनचंच. गिरणीत पहिल्या पाळीला निघालेल्या माणसानं ती हजारो वेळा ऐकली असेल. कर्त्याचं नाव विचारण्याचं त्याला कारण नव्हतं.

रेडिओच्या त्या दिवसांतली एक गंमत सांगायलाच हवी. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणाऱ्या जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकारानं हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला, आणि मार्च १९४० मध्ये रेडिओवरून पेटी हद्दपार झाली. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात! मींड आणि श्रुती पट्ट्यांवर निघत नाहीत हा आक्षेप शास्त्राला धरून होता, पण तो आला पियानोच्या पट्ट्यांवर वाढलेल्या परंपरेतून. पियानिस्ट काउफमनपुढेही अडचण तीच होती. त्यांनी तिच्यावर बंदीचा उपाय केला नाही. राग तारवाद्यांच्या चौकडीकडे सोपवला, खाली एखादा स्वर धरून ठेवला आणि वर चाल फिरू दिली. युरोपीय स्वरसंगतीचे थर त्यांनी जिथं जाणून पातळ ठेवले, तिथं त्या रचना मला जास्त आवडतात.

मग १९४६ साली ते गेले. लंडन, पुढे कॅनडात हॅलिफॅक्स, आणि १९४८ मध्ये विनिपेग सिंफनीचे पहिले संगीत-संचालक. मुंबईत बारा वर्षांत जो हक्काचा वाद्यवृंद मिळाला नाही तो गोठलेल्या मॅनिटोबात मिळाला. दहाएक वर्षांनी इंडियाना विद्यापीठात प्राध्यापकी. तिथून १९६८ मध्ये त्यांचा उत्तर भारतीय रागांवरचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि १९७६ मध्ये दाक्षिणात्य रागांवरचा. १९८४ मध्ये ते ब्लूमिंग्टनला वारले. टोरांटोच्या एआरसी आँसाम्ब्लनं २०२० मध्ये त्यांच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, त्यातल्या बहुतेक मुंबईच्या वर्षांतल्या.

इथले कंडक्टर बाहेर जाण्याचा हा सिलसिला त्यांच्यावर थांबला नाही. मेहलींनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला होता. त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला हान्स स्वारोव्हस्कींकडे शिकायला गेले, आणि वर्षभरात मेहलीही मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायला गेले. वाजवणारे मात्र इथंच राहिले, कारण त्यांना चित्रपटांत काम मिळालं होतं. परळला शांतारामबापूंचं राजकमल, दादरचे आणि ताडदेवचे स्टुडिओ. सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी हिंदी गाण्यांची वाद्यरचना लिहून काढली. गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा जमवून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासमोर गायला उभं केलं. तो फार टिकला नाही. पण संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यात गुरूचं नाव आलं, एवढं तरी झालं.

पगारी सिंफनी वाद्यवृंद मुंबईला मिळाला तो २००६ मध्ये, एनसीपीएच्या खुशरू सनटूक यांनी कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांना हाताशी धरून सुरू केलेला. त्यातही खुर्च्या भरायला कझाकस्तानातून वादक आणावे लागले. गोव्याच्या त्या चर्चच्या शाळांमधून निघणारी पिढी तोवर पातळ झाली होती.