दसरा चौकातली मेबॅक आणि अस्तंगत मोटारघराणी

कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्याला छत्रपतींची मेबॅक येते, तेव्हा लोक तिच्याकडे संस्थानी वैभवाची खूण म्हणून पाहतात. ते योग्यच आहे. राजाराम महाराजांच्या काळातली ही गाडी आजही चालते, याचा अभिमान कोणालाही वाटावा. पण ती ज्या कारखान्यातून बाहेर पडली, त्याची कहाणीही तितकीच जपण्यासारखी आहे. विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचा मुलगा कार्ल यांनी १९०९ मध्ये कंपनी काढली, ती मोटारींसाठी नव्हे, तर काउंट झेपेलिन यांच्या अजस्र वायुनौकांना इंजिनं पुरवण्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने तो धंदाच बुडवला. हातात उत्तम कारागीर आणि करायला काम नाही, अशा अवस्थेत मेबॅक मोटारींकडे वळले. १९२१ मध्ये त्यांची पहिली गाडी बर्लिनच्या प्रदर्शनात उभी राहिली. पुढे बारा सिलिंडरच्या सर्वांत मोठ्या मॉडेलला त्यांनी नाव दिलं, तेही झेपेलिन.

दोन दशकांत मेबॅकच्या जेमतेम १,८०० च्या आसपास गाड्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धात हीच कंपनी टायगर आणि पँथर रणगाड्यांची इंजिनं करत होती. युद्ध संपल्यावर मोटारी पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. १९६० मध्ये कंपनी डेमलर-बेंझकडे गेली. आज हे नाव महागड्या मर्सिडीजवर दिसतं, पण दसरा चौकातल्या गाडीशी तिचं नातं नावापुरतंच आहे.

जुन्या गाड्यांचे शौकीन असे तपशील वेड्यासारखे गोळा करतात. इंजिन नंबर, बॉडी कोणी बांधली, रेडिएटरवरचा पक्षी कुठून आला. बाहेरच्याला हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. मला तसं वाटत नाही. कंपनी कशी जन्मली, तिला कशाचा गर्व होता आणि ती कशाने बुडाली, याची उत्तरं बहुधा या बारीकसारीक गोष्टींतच सापडतात.

हिस्पानो-सुइझाचा उडता करकोचा घ्या. तो केवळ शोभेचा नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचा लाडका वैमानिक जॉर्ज गिनमेर ज्या तुकडीत होता, तिच्या विमानांवर करकोचा रंगवलेला असे आणि त्या विमानांची इंजिनं हिस्पानो-सुइझाची. गिनमेर १९१७ मध्ये मारला गेला. दोन वर्षांनी आलेल्या एच-६ मॉडेलच्या बॉनेटवर करकोचा बसला. याच गाडीतल्या ब्रेकची रचना इतकी सरस होती, की रोल्स-रॉईसने तिचा परवाना घेतला. बार्सिलोनातल्या भांडवलावर स्विस अभियंता मार्क बिर्किग्ट यांनी उभं केलेलं हे घराणं फ्रान्समध्ये १९३८ मध्ये मोटारींतून बाहेर पडलं.

अमेरिकेच्या ड्युसेनबर्गजवळ मात्र जरा थांबायला हवं. १९२८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला 'मॉडेल जे' दाखवलं गेलं. आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह आणि कंपनीच्या दाव्यानुसार २६५ अश्वशक्ती. नुसत्या चासीची किंमत ८,५०० डॉलर. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. शौकीन मंडळी सर्वाधिक रमतात ती तिच्या डॅशबोर्डात. दर ७०० मैलांनी एक दिवा लागे, तेल बदला. दर १,४०० मैलांनी दुसरा, बॅटरीचं पाणी पाहा. यात वीजतंत्राची करामत नव्हती. इंजिनाबरोबर फिरणारी दातेरी चाकं मैल मोजत आणि वेळ आली की दिवा लावत. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी याच घराण्याच्या सुपरचार्जर बसवलेल्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून केशरी-काळी, लांबलचक बॉडी बांधून घेतली. जगभरच्या शौकिनांत ती आजही होळकरांच्याच नावाने ओळखली जाते. पण मंदीच्या तोंडावर 'मॉडेल जे'सारखी महाग गाडी काढणं कंपनीला आत्मघातकी ठरलं. सुमारे ४८० गाड्या झाल्या आणि १९३७ मध्ये खेळ आटोपला.

पॅकार्डचा शेवट मला जास्त चटका लावतो, कारण तो हळूहळू झाला. चाकाच्या मधोमध लाल षटकोन दिसला की अमेरिकेत माणसं ओळखत, पॅकार्ड आली. मंदीत तगण्यासाठी कंपनीने १९३५ मध्ये '१२०' हे स्वस्त मॉडेल काढलं. त्यानेच नाव घालवलं, असं अनेक शौकीन मानतात. मला हे पटत नाही. '१२०' नसती तर कंपनी तेव्हाच बुडाली असती. चूक झाली ती युद्धानंतर. कॅडिलॅक वरची पायरी बळकावत असताना पॅकार्ड मधल्या दरातच घुटमळली. १९५४ मध्ये तिने स्टुडबेकरशी संसार मांडला, १९५६ मध्ये डेट्रॉइटमधलं उत्पादन थांबलं. शेवटची दोन वर्षं स्टुडबेकरच्याच गाड्या पॅकार्डचा बिल्ला लावून विकल्या गेल्या. १९५८ नंतर तेही बंद झालं.

फ्रान्सच्या फासेल व्हेगाचं नाव निघालं की लोकांना लेखक आल्बेर काम्यू आठवतात. ४ जानेवारी १९६० रोजी ते याच बनावटीच्या गाडीतून जाताना अपघातात गेले. पण कंपनीचा घात झाला तो फासेलिया या लहान मॉडेलमुळे. मोठ्या गाड्यांना क्रायस्लरचं भरवशाचं इंजिन होतं. लहान गाडीसाठी नवं फ्रेंच इंजिन घेतलं, ते वारंवार बिघडलं आणि १९६४ मध्ये कुलूप लागलं.

ऐकीव माहिती मात्र पारखूनच घ्यावी. अपमान झाला म्हणून रोल्स-रॉईसने कचरा उचलायला लावणाऱ्या महाराजांची गोष्ट कोणी अलवरची सांगतो, कोणी भरतपूरची, कोणी पतियाळाची. एकाच गोष्टीचे इतके धनी असतील, तर कागद दिसेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे असे कागद अजून आहेत. संस्थानांच्या गॅरेजांत ज्यांनी हयात घालवली, त्या ड्रायव्हर-फिटरांच्या घरी जुनी बिलं, फोटो, मॅन्युअलं पडलेली असतात. तुमच्या घरी असं काही असेल तर रद्दीत घालू नका. त्याचे फोटो काढा, गाडीचा चासी नंबर उतरवून घ्या आणि ही माहिती कोणी, केव्हा सांगितली तेही शेजारी लिहून ठेवा.